शुल्कपत्रक वाचताना: कोल्हापुरातील एका इंटरनॅशनल प्राथमिक शाळेचा दोन वर्षांचा अनुभव

फेब्रुवारीत चौकशीसाठी दूरध्वनी केला तेव्हा प्रवेश कक्षातील मॅडमनी वार्षिक शुल्क 1,20,000 रुपये सांगितले होते. पुढच्या वर्षी मार्चअखेर सगळ्या पावत्या एकत्र लावून मी बेरीज केली, तेव्हा ती 2,55,700 रुपये निघाली. मधल्या काळात कोणी मला फसवले असे मी म्हणणार नाही. प्रत्येक रकमेची पावती मिळाली आणि प्रत्येक रक्कम शाळेच्या कोणत्या ना कोणत्या कागदावर छापलेलीही होती, पण ते सगळे कागद एका वेळी, एका टेबलावर माझ्यासमोर कधी आले नाहीत. मी एका करसल्लागाराच्या कार्यालयात हिशेबाचे काम करते आणि दुसऱ्यांच्या पावत्या तपासण्यातच माझा दिवस जातो. तरीही स्वतःच्या मुलीच्या शाळेचा ताळेबंद मांडायला मला वर्ष लागले, याचा थोडा संकोच वाटतो. मुलगी अजून त्याच शाळेत शिकत असल्याने नाव लिहीत नाही. शाळा पंचगंगेच्या पलीकडे आहे आणि तिथे केंब्रिजचा, म्हणजे ब्रिटनमधील केंब्रिज विद्यापीठाच्या परीक्षा संस्थेचा, प्राथमिक अभ्यासक्रम शिकवला जातो, एवढे पुरेसे आहे.

आम्ही राजारामपुरीत राहतो. प्रवेश घेण्यापूर्वी आम्ही चार शाळा पाहिल्या आणि चौघींच्याही फलकावर ‘इंटरनॅशनल’ हा शब्द होता. हा शब्द नावाचा भाग आहे, अभ्यासक्रमाचा नव्हे, हे पालकांनी आधी समजून घेतले तर बरीच पायपीट वाचते. चौघींपैकी दोन शाळा सीबीएसईच्या होत्या. त्या चांगल्या होत्या, एकीचे मैदान तर मला आजही हवेहवेसे वाटते. परंतु तेथील अभ्यासक्रम देशभरातील सीबीएसई शाळांत चालतो तोच आहे आणि शुल्कातील फरक प्रामुख्याने इमारत, वातानुकूलन व घोडेस्वारी यांचा आहे. घोडेस्वारीसाठी वर्षाला किती रुपये द्यायचे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, पण ते पैसे अभ्यासक्रमाच्या नावावर मोजले जाऊ नयेत.

खऱ्या अर्थाने परदेशी संस्थेचा म्हणावा असा प्राथमिक अभ्यासक्रम आपल्याकडे मुख्यत्वे दोन प्रकारचा असतो. जिनिव्हात 1968 साली स्थापन झालेल्या आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) या संस्थेने 1997 मध्ये सुरू केलेला पीवायपी (प्रायमरी इयर्स प्रोग्रॅम) हा एक, जो 3 ते 12 वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्यात विषयांच्या तासिकांपेक्षा सहा व्यापक सूत्रांभोवती वर्षाची आखणी होते आणि शेवटच्या वर्षी मुले स्वतः निवडलेल्या प्रश्नावर प्रदर्शन मांडतात. दुसरा केंब्रिजचा, 5 ते 11 वर्षांसाठी, सहा टप्प्यांत विभागलेला. त्यात इंग्रजी, गणित, विज्ञान हे विषय आपल्या ओळखीच्या रीतीने वेगवेगळे राहतात आणि शेवटी चेकपॉइंट नावाची चाचणी देता येते. ज्या घरात आजी-आजोबाही अभ्यास घेतात, त्या घराला केंब्रिजची मांडणी जास्त जवळची वाटेल असे माझे मत आहे, कारण आज गणितात काय झाले या प्रश्नाला तिथे निदान उत्तर मिळते.

चौथ्या शाळेत आम्हाला ‘आयबी पद्धतीने शिक्षण’ असे सांगण्यात आले. माहितीपत्रक गुळगुळीत होते, सभागृह थंडगार होते आणि मॅडमचे बोलणे मधाळ होते. बाहेर वाहनतळावर गाडीत बसून मी मोबाईलवर आयबीच्या संकेतस्थळावरील शाळांची यादी उघडली आणि तीत ही शाळा शोधली, ती नव्हती. आयबीकडे अर्ज करून तयारीत असलेल्या शाळेला ‘कॅंडिडेट’ म्हणतात आणि मान्यता मिळाल्यावरच ती ‘वर्ल्ड स्कूल’ होते. ‘पद्धतीने’, ‘प्रेरित’, ‘धर्तीवर’ हे शब्द या दोन्हींत बसत नाहीत. केंब्रिज आणि सीबीएसई यांच्या संलग्न शाळाही त्यांच्या त्यांच्या संकेतस्थळावर शोधता येतात. शाळेचा 27 ने सुरू होणारा 11 अंकी यूडायस क्रमांकही, म्हणजे सरकारी नोंदीतील शाळेचा क्रमांक, मागून घ्यावा. हे सगळे तपासायला दहा मिनिटे लागतात, आणि आम्ही ते काम चौथ्या शाळेपर्यंत केले नव्हते.

त्याच शाळेने मुलीशी ‘संवाद’ साधण्यासाठी 1,000 रुपये भरायला सांगितले होते. सहा वर्षांच्या मुलीला वेगळ्या खोलीत नेऊन रंग, आकडे आणि इंग्रजी वाक्ये विचारणे याला संवाद म्हणायचे की परीक्षा, हे ज्याने त्याने ठरवावे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 13 नुसार प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी परीक्षा घेता येत नाही. पहिल्या उल्लंघनाला 25,000 रुपयांपर्यंत आणि त्यापुढील प्रत्येक उल्लंघनाला 50,000 रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आम्ही वाद घातला नाही, उठून आलो.

आता आमच्या शाळेच्या शुल्काकडे येते. 1,20,000 रुपये हे निव्वळ शिकवणी शुल्क होते. त्याखेरीज 30,000 रुपये प्रवेश शुल्क, एकदाच भरायचे आणि परत न मिळणारे, 20,000 रुपये अनामत, परत मिळणारी पण बिनव्याजी, उपक्रम शुल्क 12,000, बस 28,000, दुपारचे जेवण 24,000, पुस्तके आणि डिजिटल साहित्य 13,500, गणवेश, बूट, मोजे आणि बुधवारचा वेगळा पोशाख मिळून 8,200. अनामतीच्या बाबतीत प्रवेश अर्जाच्या तिसऱ्या पानावर बारीक अक्षरांत अट आहे की शाळा सोडायची असल्यास एक पूर्ण सत्र आधी लेखी कळवावे, अन्यथा अनामत जप्त होईल. बदलीच्या नोकरीतील पालकांना ही अट जड जाते. बदलीचा आदेश मे महिन्यात येतो आणि त्याच्या एक सत्र आधी तो कोणालाच ठाऊक नसतो. आमच्या मुलीच्या वर्गातील एका बँक अधिकाऱ्यांचे 20,000 रुपये असेच गेले.

पुस्तके आणि डिजिटल साहित्य या ओळीकडे माझे लक्ष गेले ते पावत्यांमुळे. या एका रकमेच्या दोन पावत्या आल्या होत्या. 7,600 रुपयांची पावती शाळेच्या नावाची होती. उरलेल्या 5,900 रुपयांची पावती एका खासगी कंपनीच्या नावाची होती, रचना आणि रंग तसेच, खाली सहीसुद्धा त्याच लेखनिकाची; आणि तीत 5,000 रुपये अधिक 18 टक्के जीएसटी 900 रुपये असा हिशेब होता. शाळा स्वतः विद्यार्थ्यांना जी शैक्षणिक सेवा देते तिच्यावर जीएसटी नाही, बालवाडीपासून बारावीपर्यंत ती सवलत आहे. कंपनी ही शाळा नसल्यामुळे तिला तो लावावा लागतो. म्हणजे शाळेने तेच साहित्य स्वतः दिले असते तर 900 रुपये वाचले असते. रक्कम लहान आहे, पण दोन तुकड्यांतील 48 मुलांकडून ती घेतली जाते, आणि मुलीने त्या डिजिटल मंचावर वर्षभरात जे केले ते म्हणजे चार गोष्टी ऐकल्या आणि एका कोड्यात बदकाला तळ्यापर्यंत पोहोचवले.

प्राप्तिकराचाही प्रश्न येथेच येतो. जुनी करप्रणाली घेणाऱ्या पालकाला दोन मुलांपर्यंतच्या शिकवणी शुल्काची वजावट विमा, पीपीएफ इत्यादींसह 1,50,000 रुपयांच्या एकूण मर्यादेत मिळते. प्रवेश शुल्क, बस, जेवण, देणगी यांची मिळत नाही. आमच्या 2,55,700 रुपयांपैकी वजावटीस पात्र असलेली रक्कम 1,20,000 एवढीच होती. पावतीवर शिकवणी शुल्क वेगळे दाखवलेले नसेल तर ते वेगळे करून मागावे. मार्चमध्ये माझ्यासमोर असे कितीतरी पालक बसतात ज्यांच्या पावतीवर ‘वार्षिक शुल्क’ या एका शब्दात सगळे कोंबलेले असते.

हप्त्यांविषयी शाळेने दोन पर्याय दिले होते. एकरकमी भरल्यास शिकवणी शुल्कात 5 टक्के सवलत, किंवा एका वित्त कंपनीमार्फत 12,000 रुपयांचे दहा मासिक हप्ते, ‘शून्य टक्के व्याजाने’. पहिल्या वर्षी आम्ही हप्ते घेतले, कारण शून्य टक्के हा शब्द ऐकायला फार बरा वाटतो. नंतर एका रविवारी चहा घेता घेता मी आकडे मांडले. एकरकमी भरले असते तर 1,14,000 रुपयांत काम झाले असते. पहिला हप्ता प्रवेशाच्या दिवशीच भरायचा असल्याने प्रत्यक्षात उधार मिळाले 1,02,000 आणि नऊ महिन्यांत फेडले 1,08,000. हा दर वर्षाला सुमारे 14 टक्के पडतो. आमच्या पतसंस्थेतील मुदत ठेव मोडून भरले असते तरी ते स्वस्त पडले असते. घरात तेवढी रोकड नसेल तर हप्ते जरूर घ्यावेत, त्यात कमीपणा काही नाही, पण ते फुकट आहेत असे समजून घेऊ नयेत.

आणखी एक गणित प्रवेशाआधीच करायला हवे होते. प्राथमिकचे सहा टप्पे म्हणजे सहा वर्षे. दर दोन वर्षांनी 15 टक्के वाढ धरली तर 1,20,000 चे तिसऱ्या वर्षी 1,38,000 आणि पाचव्या वर्षी 1,58,700 होतात, आणि सहा वर्षांचे निव्वळ शिकवणी शुल्क 8,33,400 रुपयांवर जाते. पहिल्या वर्षीचा आकडा परवडतो आणि पाचव्या वर्षी मूल काढून घ्यावे लागते, असे मी आमच्या ओळखीच्या दोन घरांत पाहिले आहे. त्या वयात मैत्रिणी सुटण्याचे दुःख मुलाला होते आणि आई-बापाला त्याचे उत्तर देता येत नाही.

दुसऱ्या वर्षी शिकवणी शुल्क तेवढेच राहिले. उपक्रम शुल्क मात्र 12,000 वरून 18,000 झाले, बस 31,000 आणि जेवण 26,000 झाले. येथे मला कायदा वाचावा लागला. महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, 2011 हा शाळा कोणत्याही मंडळाची असो, तिला लागू आहे. त्यानुसार शाळेत पालक-शिक्षक संघ असावा लागतो, त्याची कार्यकारी समिती इच्छुक पालकांतून सोडतीने निवडावी लागते, व्यवस्थापनाने शुल्काचा प्रस्ताव या समितीपुढे ठेवावा लागतो आणि ठरलेले शुल्क दोन शैक्षणिक वर्षे बंधनकारक असते. समितीने मान्य केलेले आणि व्यवस्थापनाने मागितलेले शुल्क यांत 15 टक्क्यांहून अधिक तफावत राहिल्यास प्रकरण विभागीय शुल्क नियामक समितीकडे नेता येते. पालकांना तेथे दाद मागायची असेल तर मात्र नंतरच्या दुरुस्तीप्रमाणे किमान 25 टक्के पालक एकत्र यावे लागतात. हे वाक्य वाचायला सोपे आहे. आमच्या पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर वाढदिवसाच्या केकवर 25 टक्के पालकांचे एकमत होत नाही.

सोडतीत माझे नाव निघाले नव्हते, म्हणून मी मुख्याध्यापिकांना पत्र लिहून कार्यकारी समितीच्या बैठकीच्या इतिवृत्ताची प्रत मागितली. ती मिळायला पाच आठवडे लागले, पण मिळाली, हे शाळेच्या बाजूने नोंदवले पाहिजे. इतिवृत्तात शिकवणी शुल्काचा ठराव होता; उपक्रम शुल्काचा उल्लेखच नव्हता. मी पुन्हा पत्र लिहिले. उत्तरात ‘उपक्रमांची व्याप्ती वाढल्यामुळे’ असे शब्द आले. वाढलेल्या व्याप्तीतील एक उपक्रम म्हणजे गुऱ्हाळाला भेट, ज्यासाठी सहलीचे 650 रुपये पुन्हा वेगळे घेतले होते. कोल्हापूरच्या मुलीला 650 रुपये देऊन गुऱ्हाळ दाखवायचे, तेही तिच्या मामाचे स्वतःचे गुऱ्हाळ असताना, हे ऐकून माझा भाऊ दोन दिवस हसत होता.

मात्र त्या भेटीनंतर वर्गात जे घडले ते पाहून माझा राग बराच निवळला. वर्गशिक्षिकेने प्रत्येक मुलाला गुळाचा एक खडा आणि दोन वाट्या पाणी दिले, एक गार आणि एक कोमट, आणि आधी काय होईल ते लिहायला लावले. आमच्या मुलीने लिहिले की गार पाण्यात गूळ विरघळणारच नाही. विरघळला, फक्त उशीर लागला. तिने आपले पहिले वाक्य खोडले नाही, त्याखाली दुसरे लिहिले: ‘माझा अंदाज चुकला.’ त्या कागदावर शिक्षिकेने चूक म्हणून लाल रेघ मारली नव्हती. शेजारी एक प्रश्न लिहिला होता, की गूळ बारीक करून टाकला तर? घरी आल्यावर स्वयंपाकघरात पुढचा प्रयोग झाला आणि माझा निम्मा डबा गूळ संपला. या शाळेचे पैसे कशाचे आहेत, असे कोणी विचारले तर मी तो कागद दाखवते. वर्गात 24 मुले आहेत आणि शिक्षिकेबरोबर एक मदतनीस असते, म्हणून हे शक्य होते. शिक्षण हक्क कायद्याचे प्रमाण पहिली ते पाचवीसाठी 30 मुलांमागे एक शिक्षक असे आहे, आणि शुल्कातील जो पैसा खरोखर वर्गात उतरतो तो या ठिकाणी दिसतो.

ही शिक्षिका आम्हाला दुसऱ्या वर्षी मिळाली. पहिल्या वर्षी दोन सत्रांत तीन वर्गशिक्षिका झाल्या आणि दिवाळीनंतरच्या महिन्यात मुलगी शाळेत जायला रडत होती. प्रवेश घेण्यापूर्वी इमारत पाहण्याऐवजी, प्राथमिक विभागातील किती शिक्षक तीन वर्षांहून अधिक काळ येथे आहेत, हा एक प्रश्न मी विचारायला हवा होता. शाळांना तो आवडत नाही आणि ज्या शाळेत उत्तर चांगले असते तेथे ते न विचारताच सांगतात.

मराठीच्या बाबतीत मी समाधानी नाही. 2020 च्या कायद्याने राज्यातील सर्व मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणे सक्तीचे केले आहे आणि न शिकवणाऱ्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. त्यामुळे मराठी येथे आहे. आठवड्याला दोन तासिका, त्याही दिवसाच्या शेवटी, जेव्हा मुलांचे डोळे बसकडे लागलेले असतात. आमचे सासरे जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक आहेत. त्यांनी पहिल्याच सुट्टीत नातीला समोर बसवून विचारले, “सातचा पाढा म्हण बघू.” तिने सात-सात वाटाण्यांचे ढीग मांडून सात चोक अठ्ठावीस कसे होतात ते समजावून सांगितले. आप्पांनी ते सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, “बाळ, हे समजलं. आता पाढा म्हण.” तो तिला येत नव्हता. आता रोज संध्याकाळी दिवेलागणीला आप्पा पाढे आणि मराठी वाचन घेतात, आणि या दोन विषयांचे शिक्षण आमच्या घरी खरोखरच निःशुल्क आहे. ज्या संस्थानात शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला, त्या गावात आपण दोन-अडीच लाख मोजतो, असे ते अधूनमधून ऐकवतात. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, म्हणून मी चहा टाकायला उठते.

जेवण चांगले आहे. भाकरी आठवड्यातून दोनदा असते आणि वाढपी मावशी मुलांना नावाने ओळखतात. याविषयी तक्रार नाही.

बसविषयी आहे. बस सकाळी साडेसातला कावळा नाक्यावर येते, तावडे हॉटेलवरून महामार्गाला लागते आणि नदी ओलांडते. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी 43 फूट आहे हे कोल्हापूरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते, आणि 2019 व 2021 मध्ये पुराच्या पाण्याने शिरोलीजवळ महामार्गच बंद झाला होता. नदीपलीकडची शाळा निवडताना आम्ही हे लक्षात घेतले नाही. दुसऱ्या वर्षी जुलैमध्ये चार दिवस बस आली नाही. शाळा मात्र सुरू होती आणि त्या चार दिवसांची गैरहजेरी मुलीच्या नावावर लागली. सुट्टी जाहीर करण्याचा निरोप सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी पालक-अॅपवर इंग्रजीत आला, तोही पाचव्या दिवशी. बसचे पैसे वजा झाले नाहीत. दरमहाच्या करारात खाडे धरले जात नाहीत, असे सांगण्यात आले.

दुसऱ्या वर्षाची एकूण बेरीज गणवेशाच्या 3,200 आणि पुस्तकांच्या 14,000 सह, सहलीचे 650 वगळून, 2,12,200 रुपये झाली. ज्या घरात दोघांचे उत्पन्न स्थिर आहे, ज्यांना सहा वर्षांचा हिशेब आधी मांडता येतो आणि ज्यांच्याकडे संध्याकाळी मराठीसाठी वेळ देणारे कोणी आहे, त्यांना मी ही शाळा सुचवीन. घरी कोणी नसेल आणि पुढे राज्य मंडळाकडे किंवा शिष्यवृत्ती परीक्षेकडे जायचा विचार असेल तर नदीच्या अलीकडची, साधी, जुन्या शिक्षकांची शाळा पाहावी, असे सांगेन. सहाव्या टप्प्यानंतर या शाळेत पुढचे वर्ग सुरू होतील असे तोंडी आश्वासन आहे. लेखी मागितले तेव्हा ‘प्रस्तावित’ हा शब्द असलेले पत्र आले, ते मी फाइलला लावले आहे.

तिसऱ्या वर्षाचे शुल्क या वेळी आम्ही एकरकमी भरले. शिकवणी शुल्क 1,36,000 झाले आहे, पण 5 टक्के सवलत घेतल्यामुळे हातून 1,29,200 गेले. शुल्कपत्रक या वर्षी प्रथमच एका पानावर, सर्व रकमा आणि खाली बेरीज अशा स्वरूपात आले. उपक्रम शुल्काच्या ओळीसमोर 18,000 च आहेत आणि गुऱ्हाळाची सहल त्यात धरली आहे. बसच्या ओळीसमोरची जागा मी कोरी ठेवली आणि पूरकाळातील खाड्यांची वजावट कशी होणार हे लेखी कळवावे, अशी चिठ्ठी अर्जाला टाचली. लेखनिकाने ती वाचली, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, “ताई, अशा चिठ्ठ्या यंदा अकरा आल्यात.”